आई, तुझा टॉवेल मी वेगळा ठेवला होता

प्रिय आई,

आज तुला न विचारता तुझी गोष्ट मी भरल्या पार्लरमध्ये सांगून टाकली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लोकाइले कायले सांगून राहिली वो घरचं?" आता दुपार आहे, गिऱ्हाईक कुणी नाही. म्हणून तुलाही सगळं लिहिते.

सकाळी एक मुलगी आली. प्रीती नाव. दुर्गला शाळेत शिकवते. रविवारी तिचा साखरपुडा आहे. स्कूटीवरून उतरली तरी हातमोजे काढेना. खुर्चीत बसल्यावर एकेक बोट ओढत ते काढले आणि हळूच म्हणाली, "दीदी, लंबे वाले नाखून चिपका दो. ये दिखने नहीं चाहिए."

मी तिचे हात पाहिले. तुझीच नखं, आई! सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे, तेल सांडल्यासारखे पिवळट डाग, टोकाकडून सुटलेली दोन नखं. अंगठ्याचं तर जाड झालेलं.

रामेश्वरी माझ्याकडे आठ वर्षं काम करते. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मोला डर लागथे दीदी." आणि खालच्या कप्प्यातून, अशा गिऱ्हाइकांसाठी वेगळा ठेवलेला, जुना मरून टॉवेल काढायला वाकली. मी ओरडणारच होते, की हे तुला कुणी शिकवलं? मग आठवलं. मीच शिकवलं होतं.

दादाच्या लग्नाचे दिवस तुला आठवतात ना? सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये नुसती पाहुण्यांची गर्दी, आणि मी नुकताच ब्युटीशियनचा कोर्स संपवून आलेली. सगळं मलाच कळतं असा माझा तोरा! तुला मोरीजवळच्या पाटावर बसवलं, कोमट पाण्यात हात बुडवले आणि काडीने नखांखाली कोरायला लागले. कातडी मागे ढकलली, जाड नख घासून घासून पातळ केलं. तुझ्या अंगठ्यातून रक्त आलं तरी तू एवढंच विचारलंस, "झालं का वो?"

दुखतंय हे तू का नाही सांगितलंस? एकदा हात ओढून घेतला असतास तर मी थांबले असते.

आठ-दहा दिवसांत नखं आणखी सुटली. मी ठामपणे सांगितलं, फंगस आहे. कोर्सच्या वहीत तेवढंच लिहिलं होतं. मग मी तुझ्या टॉवेलला लाल दोरा बांधला आणि तो वेगळ्या खिळ्यावर टांगला. पुढे वैशाली नगरला पार्लर टाकलं, तेव्हा तिथेही तुझ्यासाठी वेगळा ठेवला.

तू विचारलं होतंस, "माहा टॉवेल अलग कावून?"

"लागण होते आई."

भाजी निवडता निवडता तू म्हणालीस, "तुह्या आज्याचा कप असाच होता. गावच्या हाटेलात, मांगच्या भिताडाले टांगून. त्यानंच धुवाचा, त्यानंच ठेवाचा."

मी ऐकलं आणि उठून कामाला लागले. आई, मी ऐकलं होतं गं! आपल्या घरात वाढलेल्या मुलीला याचा अर्थ कळू नये? पण मी स्वतःला सांगितलं, तो अन्याय होता आणि ही स्वच्छता आहे. आणि तू रोज आपला टॉवेल आपणच धुवून त्याच खिळ्यावर टांगत राहिलीस.

कितीतरी वर्षांनी दुर्गच्या डॉक्टरीणबाईंनी तुझी नखं पाहिली, कोपर पाहिलं, नखाचा तुकडा तपासायला पाठवला. फंगस निघालाच नाही. सोरायसिस. "छूने से नहीं फैलता," त्या म्हणाल्या. नखांखाली कोरलं, इजा झाली, तर मात्र वाढतं हेही म्हणाल्या. मी खाली बघत बसले. मग त्यांनी तुझी सुजलेली बोटं दाबून विचारलं, ही कधीपासून दुखतात? तू म्हणालीस, लई वर्षांपासून, कामानं दुखत असतीन. ती सांधेदुखीही त्याच आजाराचा भाग होती. तोवर दोन बोटं वाकडी झाली होती.

परत येताना तू स्कूटीवर मागून माझ्या कानाशी म्हणालीस, "अन् आता? देशीन का तुहा टॉवेल?"

मी हसले. तूही हसलीस. तेव्हा गाडी बाजूला घेऊन थांबायला हवं होतं. मी सरळ घरी आणली.

त्यानंतर मी बदलले असं तुला वाटलं असेल. अर्धवटच बदलले. अशा नखांच्या गिऱ्हाइकांना फोन करून रिकाम्या वेळेला बोलवायचे, आतल्या खोलीत बसवायचे. त्यांना अवघडल्यासारखं नको, म्हणून. खरं सांगू? बाकीच्यांना अवघडल्यासारखं नको, म्हणून.

तर आज सकाळी. शेजारच्या खुर्चीत आपल्या जुन्या क्वार्टरसमोरच्या आंटी होत्या, डोक्याला डाय लावून बसलेल्या. अर्धा सेक्टर त्यांच्या शब्दावर माझ्याकडे येतो, तुला माहीत आहे. त्या मान वळवून म्हणाल्या, "नंदा, इसको अंदर कर लो ना. देखके ही कैसा लगता है."

प्रीती उठली. एक मोजा तिने चढवलासुद्धा. ती दारापर्यंत गेली असती ना आई, तर पुन्हा कुठल्याच पार्लरची पायरी चढली नसती.

मी म्हटलं, "बैठो. यहीं बैठो." मग आंटींकडे वळले. "ये मेरी माँ को था. मैं सारी उमर उनके हाथ का खाके बड़ी हुई. ये लगता नहीं है आंटी."

आंटींना फार आठवतं! म्हणाल्या, "पर तुम्हीं तो उनका टॉवेल अलग रखती थी. लाल धागा बाँधके."

माझे कान तापले. वाटलं, काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी.

"हाँ, रखती थी," मी म्हटलं. "गलत करती थी."

आंटी उठून जातील असं वाटलं. पण जाणार कुठे? डाय धुवायला अजून पाऊण तास होता! बसून सगळं बघावं लागलं बिचारीला.

रामेश्वरीला म्हटलं, वरच्या कप्प्यातला टॉवेल दे. सगळ्यांना देतो तो, धुतलेला. हत्यारं प्रत्येकीनंतर आपण उकळतो, फाइल प्रत्येकीला नवी, मग कुणासाठी काय वेगळं ठेवायचं? मरून टॉवेलची तिथेच फरशी पुसायची फडकी केली.

प्रीतीला मी चिकटवायची नखं लावली नाहीत. ती रुसली. सांगितलं, गोंदाने आणि ओढण्याने आहेत तीही सुटतील. नखं आखूड कापली, एकाच दिशेने अलगद घासली. नखाखाली काडी घातली नाही, मुळाची कातडी ढकलली नाही. क्रीम चोळलं. कुठे चीर किंवा जखम असती तर तेवढंही केलं नसतं. शनिवारी ये म्हटलं, साधं फिकट नेलपॉलिश लावून देईन, अंगठी शोभेल.

चोळता चोळता विचारलं, बोटं दुखतात का?

"सुबह मुट्ठी नहीं बनती," ती म्हणाली. "चॉक पकड़ने में टाइम लगता है."

माझे हात थांबले. डॉक्टरला दाखवलंस का? तर नाही. साखरपुड्यानंतर. किंवा लग्नानंतर. "बड़ा नाम लिख दिया तो लड़के वाले क्या बोलेंगे, दीदी?"

आंटी डोकं धुवून निघाल्या. पुढच्या वेळची तारीख घेतली नाही. नसतील येणार. नाही तर नाही.

आई, चुकले मी. तुझे हात हातात घेऊन हे म्हणायला हवं होतं. तू "जाऊ दे वो" म्हणाली असतीस, आणि मी जाऊ दिलं असतं. आता तू नाहीस, तर मीही जाऊ देणार नाही.

तुला शब्द देते. उद्या सकाळी मी प्रीतीला दुर्गला त्याच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जाणार आहे. ती नको म्हणत होती. मी तिला म्हटलं, मी आईच्या बाजूला बसून गप्प राहिले होते, तुझ्या बाजूला गप्प बसणार नाही. सकाळी मूठ वळत नाही हे तिने नाही सांगितलं तर मी सांगेन. मुलाकडच्यांना काय आणि कधी सांगायचं ते तिचं ती ठरवील. पण साखरपुडा रविवारी आहे आणि डॉक्टर उद्या. आधी डॉक्टर.

तुझीच,
नंदा