दुधाच्या ट्रकमधून कामावर येताना लुगडे नेसू देण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
नवज्योत सहकारी दूध संघ, मुख्य कचेरी,
जि. उस्मानाबाद.

अर्जदार : सौ. तारामती नानासाहेब सरवदे, बी. ए., लेखनिक, शीतकरण केंद्र. राहणार माकणी.

विषय : कामावरचा पोशाख येण्याजाण्याच्या साधनास जुळेल असा ठेवू देणेबाबत.

संदर्भ : आपला दि. ३ मार्च १९८६ चा मेमो.

महोदय,

१. महिला कर्मचाऱ्यांनी पांढरी गोल साडी नेसावी, असे संघाचे परिपत्रक आहे. केंद्रावर अर्जदार ही एकटीच महिला असल्याने ते तिच्या एकटीसाठीच आहे. एस. टी. होती तोवर तिने ते बिनतक्रार पाळले. पुलाचे काम रोजगार हमीत निघाल्यापासून गाडी गावात येत नाही. संघाचाच दुधाचा ट्रक धरावा लागतो. त्याला पायरी नाही. मागच्या फाळक्याच्या साखळीवर पाय देऊन वर चढावे लागते.

२. दि. १७ फेब्रुवारी रोजी अर्जदाराच्या नऊ महिन्यांच्या मुलीस ताप होता. केंद्राजवळच्या दवाखान्यात दाखवावे म्हणून ती कडेवर होती. चढताना साडीच्या निऱ्या फाळक्याच्या हुकात अडकल्या आणि ट्रक हलला. आत बसलेल्या गंगम्मा नावाच्या बाजारकरणीने "पोर दे आधी!" म्हणत मूल ओढून घेतले. अर्जदार सात-आठ पावले फरफटत गेली. साडी जुनी होती, फाटली, म्हणून सुटली. नवी असती तर काय झाले असते, हे ट्रक दिसला की अजून मनात येते. चालक शरणबसप्पा उतरून आले. म्हणाले, "अक्का, उद्यापासून कासोटा घाला. न्हायतर म्या गाडी थांबवणारच न्हाय."

३. दुसऱ्या दिवसापासून अर्जदार सासूबाईंचे हिरवे लुगडे कासोटा घालून नेसून ट्रकमध्ये चढू लागली व केंद्रावर आल्यावर साडी बदलू लागली. त्यासाठी दूध पावडरीच्या खोलीखेरीज जागा नाही, आणि त्या खोलीस आतून कडी नाही. कडी मागितली तेव्हा पर्यवेक्षकांनी सर्वांदेखत विचारले, "पावडरीची पोती आतून कडी लावत्यात व्हय, बाई?" सगळे हसले. अर्जदारासही हसावे लागले. पुढे दार दोनदा उघडले गेले. पहिल्यांदा चुकून. दुसऱ्यांदा उघडलेले दार लगेच मिटले नाही. कोण होते हे अर्जदारास ठाऊक आहे. हजेरीपट त्याच हातात असल्याने नाव येथे लिहीत नाही. तेव्हापासून ती दिवसभर लुगड्यातच काम करते. "मजूर बायकांसारखा पेहराव, पुन्हा आढळल्यास कामावरून कमी करण्यात येईल" हा मेमो त्यावरचा आहे.

४. लुगडे मागणे अर्जदारास सोपे नाही, हे साहेबांनी ध्यानात घ्यावे. तिच्या आईचा जन्म कासोटा मारून खडी फोडण्यात गेला. "माझ्या लेकीला त्या लुगड्यात कुणी बघणार न्हाय," म्हणून वडील गुलाबराव यांनी तिला कॉलेजात घातले. गोल साडी नेसून ती पहिल्यांदा कामावर निघाली, तेव्हा ते स्टँडपर्यंत मागून चालत आले होते, जवळ न येता. नोकरीच्या कागदात पत्ता माहेरचा आहे. या अर्जाचे उत्तर कृपया त्या पत्त्यावर धाडू नये.

५. पाण्याचेही सांगते. टँकर चौथ्या दिवशी येतो. सासूबाई मथुराबाई म्हणतात, "पोरीची लंगोटं धुवायला पाणी न्हाय, अन् ह्या पांढऱ्या साडीला रोज न्हाऊ घालायचं?" त्यांना काय उत्तर द्यावे, हेही कचेरीने कळवावे.

६. तरी लुगड्यास परवानगी द्यावी. ते जमत नसेल तर खोलीस आतून कडी बसवून द्यावी. दोन्ही जमत नसेल तर साहेबांनी एकदा पांढरी साडी नेसून नव्हे, नुसती लुंगी गुंडाळून त्या साखळीवरून चढून पाहावे. घरात पगार हा एकच आहे आणि मूल अंगावर पिते. कमी केले तरी चालणार नाही आणि चाकाखाली गेली तरी चालणार नाही. उत्तर येईपर्यंत अर्जदार वेळेवर, लुगड्यातच येईल. हजेरीपटात साडी गैरहजर मांडावी. अर्जदार हजर आहे.

आपली विनम्र व उत्तराकडे डोळे लावून असलेली,
सौ. तारामती सरवदे
माकणी, दि. ११ मार्च १९८६

सोबत :
१) मेमोची नक्कल.
२) हुकात राहिलेला साडीचा काठ, वंगणाच्या डागासह. पाहून झाल्यावर परत मिळावा. उरलेल्या साडीचे मुलीला दुपटे शिवले आहे, त्याला एक बाजू कमी पडते.