मुक्कामी एसटी

तळेघर,
रविवार

प्रिय भरत,

फोन केला की तुझा पीए सार्थक उचलतो. साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणतो, आणि तुझ्या वतीनं माझ्या गुडघ्याची चौकशीही करतो. गुणाचा आहे. पण माझा भाऊ तो नाही, म्हणून हे कागदावर. मतदारसंघातून आलेली पत्रं तू स्वतः वाचतोस असं ऐकलंय.

आईच्या दहाव्यानंतर मी सासरी पेठला परतले नाही. तिचं भात शेतात उभं होतं. ते सोंगून, झोडून मग येईन असं घरी सांगितलं. झोडणी परवाच उरकली, तरी अजून इथेच आहे. संध्याकाळी तू आणलेली मुक्कामी एसटी येते, वळणावर तिचे दिवे दिसतात, आणि मी दोन भाकरी जास्त थापते. ही आईची सवय. ड्रायव्हर-कंडक्टरच्या नावानं थापायची.

त्या गाडीसाठी तू रस्त्यात आडवा बसला होतास. मिशीसुद्धा धड फुटली नव्हती. तेव्हा शेवटची गाडी घाटाखालीच थांबायची, आणि बाजार करून आलेल्या बायका डोक्यावर ओझी घेऊन चढ चढायच्या. आई त्यांतच असायची. गाडी सुरू झाली तेव्हा लोकांनी तुला खांद्यावर घेतलं. तिथूनच तुझं राजकारण सुरू झालं. आधी पंचायत समिती, मग आमदारकी, आता तीही तिसऱ्यांदा.

लोक म्हणतात, भरत आमदार निवडून येतो तो दहाव्यांवर. खोटं नाही. नदीकाठी कुणाचाही दहावा असो, तू हजर. पिंड मांडलेला, माणसं कावळ्याची वाट बघत बसलेली, आणि तू माइक हातात घेऊन गेलेल्या माणसाविषयी चार चांगले शब्द बोलणार. माझे दीर संपतराव चेष्टा करायचे, "वहिनी, आता कावळाबी आमदार आल्याबिगर पिंडाला शिवत न्हाई." आईला सांगितलं तेव्हा ती हसली. मग जरा वेळानं म्हणाली, "माझ्या दहाव्याला तरी बसंल का गं त्यो? का भाषान करून जाईल?"

तू आलास. कावळे समोरच्या उंबरावर होते, पण खाली येईनात. अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा पुरी करू, असा शब्द मागच्यांनी द्यायचा असतो. तू माइकवरून दिलास. आईच्या नावानं सभामंडप बांधू, नदीपर्यंत सिमेंटचा रस्ता करू. कावळा हलला नाही. शेवटी सवयीनं म्हणालास, "या कुटुंबाच्या दुःखात मी सहभागी आहे."

कुणी हसलं नाही. सावळाराममामांनी मान खाली घातली. तुझ्या लक्षातही आलं नाही, इतकं ते वाक्य तुझ्या तोंडात बसलंय. मला राग आला नाही रे. मी नुसती बघत राहिले, की हे कुटुंब म्हणजे कोण, आणि माझा भाऊ त्यात कुठे उभा आहे.

तिची इच्छा मला ठाऊक होती. तुझ्या कानात सांगायला उठलेही. पण पुढचा दहावा मंचरकडे होता, सार्थक तुला घड्याळ दाखवत होता. मग भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि तुझी गाडी गेली.

इच्छा मोठी नव्हती. ज्यानं मुक्कामी गाडी आणली, त्यानं एक रात्र इथे मुक्कामाला यावं. आमदार झाल्यापासून तू घरी आलास तो चहापुरता, तोही पायांत चपला ठेवून, ओटीवरूनच परत. त्या दोन भाकरी ड्रायव्हरच्या नव्हत्या, भरत. ड्रायव्हर आपला डबा घेऊन येतो.

हे पत्र आईसाठी लिहितेय असं लिहायला बसले तेव्हा मलाही वाटत होतं. ती होती तोवर वळणावरचे दिवे बघायला आम्ही दोघी होतो. आता मी एकटी आहे, आणि इथून माझा पाय का निघत नाही ते मला आत्ता, लिहिता लिहिता कळतंय. सभामंडप राहू दे. गाडी, सार्थक, माइक, सगळं घाटाखाली ठेव आणि एसटीनं ये. नवा तांदूळ कांडून आणलाय. माझ्या दहाव्याला तू येशीलच, याची मला खात्री आहे. त्याआधी एकदा ये.

तुझीच,
उज्ज्वलाआक्का