उपडा वाडगा

शावदेह, मे महिन्याची चार तारीख

प्रिय येर्नेय,

आधी घटना लिहिते. त्यांच्याबद्दल वाद होऊ नये, म्हणून क्रमांक घालते आहे.

१. गेल्या सप्टेंबरात दोन प्रवासी, एक मुलगी आणि एक मुलगा, आमच्या घरी आले.
२. बूट काढायच्या आधीच त्यांनी भाकरी मागितली. दिली. त्यांनी खाल्ली.
३. मग त्यांनी माझ्या वडिलांना हिमनदीपलीकडे पोहोचवायला सांगितलं. विचारलं नाही. सांगितलं.
४. तात गेले.
५. परतताना तात एकटे होते. भेगेवरचा बर्फाचा पूल खचला आणि त्यांचा डावा पाय पाण्यात गेला. त्या ओल्या बुटानं ते घरापर्यंत चालत आले.
६. खाली खोरोग शहरातल्या इस्पितळात त्यांचं डावं पाऊल अर्धं कापावं लागलं.
७. जुलैत खिंड उघडली की ते पुन्हा जाणार आहेत.

हे पत्र सातव्या मुद्द्याबद्दल आहे. पहिले सहा आता बदलता येत नाहीत.

ते दोघं वाईट नव्हते, हेही नोंदवून ठेवते. बातमी कळल्यावर ते इस्पितळात आले, डाळिंबं घेऊन. मुलगी रडत होती. मी तिला विचारलं, आमच्या दारात पाय ठेवताच भाकरी मागायची हे तुम्हाला कुणी शिकवलं? तिनं फोन पुढे केला; त्यावर प्रवाशांसाठी लिहिलेलं एक पान होतं. तुझं नाव मी सर्वांत शेवटी पाहिलं. त्याआधी फोटो पाहिले: आमचं छप्पर, आमचा तंदूर, पाठमोरी शकरबोनू आत्या. मग ते वाक्य. पाठ झालंय, तरी उतरवते: ‘शेवटच्या घरी थांबा आणि त्यांची भाकरी खा. एकदा भाकरी पोटात गेली की म्हातारा तुम्हाला बर्फापलीकडे, पुढच्या चुलीचा धूर दिसेपर्यंत पोहोचवायला बांधील असतो. पैसे घेत नाही. नाही म्हणणं त्याच्या रीतीत बसत नाही.’

एखाद्या यंत्राची कळ कुठे आहे ते सांगावं, तसं तू सांगितलंस.

ही रीत तुला मीच सांगितली होती, त्याच्या आदल्या वर्षी तू आमच्या घरी राहिलास तेव्हा. तुझा गुडघा सुजला होता, तू खांबाला टेकून बसला होतास, बाहेर ढग इतका खाली उतरला होता की शेळ्या नुसत्या आवाजावरून ओळखाव्या लागत होत्या. तू विचारलंस, मी रशियनमधून सांगितलं, तात मधे मधे दुरुस्त करत होते. सांगण्यात माझी काही चूक झाली असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. घरात बसलेल्या माणसाला घरातली गोष्ट सांगतात. ती बाजारात नेऊन मांडणारा तू आहेस.

आणि मांडलीस तीही अर्धीच. उरलेली अर्धी तुला आठवत असणार. पाहुणा निघाला की त्याचा वाडगा फळीवर उपडा ठेवतात. तो सुखरूप पोहोचल्याचा निरोप त्याच्याकडून आला की मगच सुलटा करतात. तोपर्यंत त्यात कुणी जेवत नाही. तू हसला होतास. माझा वाडगा मीच येऊन सुलटा करीन म्हणालास, पुढच्या वर्षी, जर्दाळू वाळत घालायच्या आत. जर्दाळू पिकले, छपरावर वाळले, पोत्यांत भरले आणि थंडीत संपलेही. मी तुझी वाट पाहत होते असं समजू नकोस. मी हिमनदीवर मोजमापं घेत होते. ते माझं कामच आहे.

मोजमापांवरून एक गोष्ट सांगते, कारण तीही तुझ्या पानावर नाही. तू ज्या बर्फावरून गेलास तो आता तिथे नाही. हिमनदीचं तोंड मागे सरकलंय, मधला भाग खाली बसलाय, आणि भेगांवरचे पूल उन्हाळ्याच्या अखेरीस आतून पोखरलेले असतात. वरून ते पांढरे आणि शहाण्यासारखे दिसतात. मी दर उन्हाळ्यात नवा नकाशा करते, आणि तात तो चुलीशी बसून बोट ठेवत ठेवत नीट बघतात. ‘म्हणजे इथं उजवीकडून जायचं?’ ‘इथून जायचंच नाही, तात.’ ‘बरं बरं. पण जायचंच झालं तर उजवीकडून.’ ही आमच्या घरातली शास्त्रीय चर्चा.

पूर्वी उन्हाळ्यात एखादाच परका यायचा. तोही वाट चुकून. त्याला पोहोचवणं म्हणजे तातांना सणासारखं असे. परत आले की आठवडाभर त्याची नक्कल करून दाखवायचे. (तुझीही करायचे. तू शीरचायचा पहिला घोट घेतलास आणि चहात मीठ आणि लोणी आहे हे कळल्यावर सभ्यपणे गिळलास, तो चेहरा.) तुझं पान आल्यावर गेल्या उन्हाळ्यात जवळजवळ दर आठवड्याला कुणी ना कुणी दारात. बसत नव्हते, तातांचं नाव विचारत नव्हते. तुकडा तोडायचा, तोंडात टाकायचा आणि खिंडीकडे बघायचं. एकानं तर चावता चावता घड्याळ पाहिलं. आत्या भाकऱ्या लपवून ठेवायला लागली. आमच्या घरात, येर्नेय, पाहुणा येताना दिसला की भाकऱ्या रजईखाली जायला लागल्या. तातांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. त्यांनी रजई उचलली, भाकऱ्या पुन्हा दस्तरखानावर, जेवणाच्या कापडावर, ठेवल्या आणि म्हणाले, ‘शकरबोनू, चोरी करायचीच तर दुसऱ्याच्या घरी करावी.’ आत्या म्हणाली, ‘दुसऱ्याच्या घरी असला येडा भाऊ नाही ना!’

माझ्याशी ते वाद घालत नाहीत. हसतात. मी म्हटलं, तात, हे पाहुणे नव्हेत, यांनी तुमची रीत वाचलीय, पाळलेली नाही. ते म्हणाले, ‘त्यांनी पाळायची नसतेच, मी पाळायची असते.’ मी म्हटलं, शोहिनला पाठवा, तो पुतण्या आहे, तरुण आहे, त्याला बर्फ कळतो. त्यावर मात्र ते हसले नाहीत. ते का, हे मला कळत नव्हतं. रीत घराची आहे, एका माणसाची नाही. आजोबांनी गुडघे दुखायला लागल्यावर ती तातांना दिली होती, त्यात कसला कमीपणा नव्हता. मग अर्धं पाऊल गेलेला माणूस ती पुतण्याला का देत नाही? मला वाटलं, हट्ट असेल. हट्टी माणसावर मला रागावता येतं, म्हणून हिवाळाभर मी त्यांच्यावरही रागावले. तो राग मी चुकीच्या माणसावर खर्च केला. त्याचा हिशेब इथे तुझ्या नावावर लिहिते.

कारण आत्यानं सांगितलं, गेल्या आठवड्यात. तात दारात बसून नव्या बुटाचं माप घेत होते. डाव्या बुटाच्या पुढच्या भागात लोकर ठासून भरायची, म्हणजे पाऊल हलत नाही, अशी त्यांची योजना आहे. शेजारी जर्दाळूच्या लाकडाची नवी काठी. आत्यानं बघितलं आणि तिचा तोल गेला. ‘चाललास पुन्हा? त्या तुझ्या लाडक्याला शोधायला? तो तिकडं सुलट्या वाडग्यात सूप ओरपत बसला असेल, आणि तू इथं एक एक बोट देत बस!’ मी विचारलं, कुणाला शोधायला? मग तात लोकर ठासत म्हणाले, ‘एक पाहुणा अजून वाटेत आहे, सवसन. ज्याचा पाहुणा वाटेत आहे त्याला काठी दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.’

तू निघालास त्या दिवशीचं त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. कड्याच्या माथ्यावर धुकं होतं. पुढच्या कुरणातल्या मेंढपाळांचा धूर दिसला की तात परतणार, हे ठरलेलं. तुझे डोळे तरुण. तू हात करून दाखवलंस: तात, तो बघा धूर. त्यांना दिसला नाही, पण पाहुण्याला दिसला म्हणजे दिसला. आमच्याकडे निरोप घेतात तसे त्यांनी तुझ्या हातांवर ओठ टेकले, तू त्यांच्या, आणि ते परतले. त्या संध्याकाळी खालच्या वाटेनं मेंढरं गावात शिरली. बर्फ लवकर पडणार म्हणून मेंढपाळ दोन दिवसांपूर्वीच चुली विझवून निघाले होते. पलीकडे धूर नव्हताच. तात चहाचा पेला खाली ठेवून उठले आणि उजाडताच वर गेले, एवढं मला आठवतं; मी त्यांना विचारलं होतं, काय राहिलं? ते म्हणाले होते, काठी. वर ताजा बर्फ पडला होता. माग नव्हता.

तेव्हापासून ते जेव्हा जेव्हा कुणाला पोहोचवायला गेले, तेव्हा तेव्हा परतीच्या वाटेवर तुला शोधत आले. म्हणून ते सरळ वाटेनं येत नव्हते. म्हणून त्या भेगांच्या भागात गेले, जिथून जायचंच नाही असं मी नकाशावर दोनदा गिरवलं होतं. ‘माझाही गुडघा दुखत होता, ते बघून बोलला असेल तो,’ तात म्हणाले. ‘म्हातारा थकलाय, परत जाऊ दे, म्हणून सांगितलं असेल धूर दिसला म्हणून. मनानं चांगलं पोरगं. आपल्याला वाचवायला गेलं आणि स्वतः…’ त्यांनी बुटाच्या शिवणीचा दोरा दातानं तोडला.

मी त्याच दिवशी त्यांना तुझं पान वाचून दाखवलं. फोटो दाखवले. सांगितलं की तू जिवंत आहेस, पलीकडे उतरलास, घरी गेलास, लोक तुझी वाहवा करतात. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, ‘हे त्यानं जगाला सांगितलंय. मला कुठं सांगितलं?’ आत्या म्हणाली, ‘अरे, जग म्हटलं की त्यात तू आलासच ना!’ ‘मी जगात नव्हतो, शकरबोनू, मी त्याच्याबरोबर होतो.’ आणि वाडगा उपडाच राहिला. ते अडाणी नाहीत. पडद्यावरचा माणूस जिवंत असू शकतो हे त्यांना कळतं. बहुधा तू जिवंत आहेस असंही ते आता मानतात. पण बहुधा या शब्दावर वाडगा सुलटा होत नाही. मी मोजमापं करणारी आहे, मला हे मान्य करावं लागतं.

वाचताना मी एक वाक्य गाळलं. कुठलं ते तुला माहीत आहे. ‘शेवटचा टप्पा मला एकट्यानं करायचा होता, म्हणून मी म्हाताऱ्याला सांगितलं की धूर दिसतोय.’ त्याच्यापुढे तू एक हसरा चेहराही काढला आहेस. मी खूप वेळ त्या चेहऱ्याकडे बघत होते. तातांच्या पायाला पट्टी बांधताना मला तो दिसतो. त्या पायाला बोटं नाहीत, पण रात्री तीच दुखतात असं ते म्हणतात. ते वाक्य मी तुला वाचवण्यासाठी गाळलं नाही. अर्धं पाऊल त्यांनी एका चांगल्या पोरासाठी दिलं, असं त्यांना वाटतं. ते त्यांच्याकडून काढून घेण्याचा हक्क मला आहे की नाही, ते मला ठरवता आलेलं नाही.

पान काढून टाक म्हणायला हे पत्र लिहीत नाही. ते इतक्यांनी उचललंय की आता काढून उपयोग नाही, आणि येतील त्यांना शोहिन पोहोचवील, माझ्या नकाशाच्या उजव्या बाजूनं. माफी मागू नकोस. औषधपाण्याचं विचारू नकोस. मला काहीही लिहू नकोस. जर्दाळूंबद्दल तर नकोच. फक्त तातांना एक कागद लिही. संगणकावर नाही, हातानं, रशियनमध्ये. सैन्यात असताना ते वाचायला शिकलेत आणि तुझं अक्षर ते ओळखतात. पिठाच्या आणि मिठाच्या डब्यांवर तू लिहिलेली नावं आम्ही पुसलेली नाहीत. दोनच शब्द पुरेत: मी पोहोचलो. तो कागद आला की ते वाडगा सुलटा करतील आणि काठी शोहिनच्या हातात देतील. मी दहा तऱ्हांनी विचारून खात्री केली आहे. हे जगात फक्त तुलाच करता येण्यासारखं आहे, याचा मला जितका राग येतो तितका दुसऱ्या कशाचाही येत नाही. धुराबद्दल लिहायचं की नाही ते तुझं तू ठरव. पण लिहिलंस तर खरं लिही, आणि ते मीच त्यांना वाचून दाखवीन, एकही शब्द न गाळता. खिंड जुलैच्या पहिल्या आठवड्यात उघडेल. पत्र खोरोगच्या टपाल कचेरीत माझ्या नावानं पाठव; तिथून वर आणायला गाडी मिळायला वेळ लागतो. म्हणून वीस जूनपर्यंत उत्तर पोहोचलं पाहिजे.

वाडगा रोज पुसणारी, पण सुलटा न करणारी,
नियाझशोची मुलगी
सवसन