करवंदीच्या काट्यांवरची लेस

मेढा,
ता. २० नोव्हेंबर १९४६

प्रिय अंजना,

दिवाळीला तुला माहेरी सोडलं त्याला महिना होत आला. भात झोडून झालं. म्हैस व्यायली, रेडा झाला. आणि मी गावात बोडक्या डोक्यानं हिंडतोय, कारण फेटा बांधून द्यायला तू नाहीस. गेल्या आठवड्यात सांगलीहून कोंडीबा येणार म्हणून कळलं, तेव्हा त्याच्याबरोबर तू असशील असं धरून मी पार रस्त्यापर्यंत गेलो. त्यानं तुझ्या भावानं, नानासोंनी, दिलेलं गाठोडं माझ्या हातात ठेवलं आणि चावडीपुढं, चारचौघांत, निरोप सांगितला. "दाजी बायकांची कामं करत्यात, तर ह्या बी भरू द्यात. लोड चुलीत घातल्याबिगर अंजना येणार न्हाई." गाठोड्यात हिरव्या बांगड्या आणि एक चोळीचा खण होता. तेव्हा जो हशा पिकला तो अजून ओसरलेला नाही.

लोड चुलीत जाणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत ऐकशील.

कैदेतून पळाल्यावर इटलीच्या डोंगरात असुंता नावाच्या म्हातारीनं मला आठ महिने माळ्यावर लपवलं, हे तुला ठाऊक आहे. जर्मनांना कळतं तर तिचं घर जाळलं असतं. बोलायची चोरी, खोकायची चोरी. वेळ जावा म्हणून तिनं माझ्यापुढं लेस विणायचा, पेंढ्यानं भरलेला लोड ठेवला, असं मी तुला सांगितलं होतं. लोडावर टाचण्या, टाचण्यांना दोरे, दोऱ्यांच्या टोकाला लाकडाच्या बोटभर कांड्या. एका वेळी चार कांड्या घ्यायच्या. मधल्या दोघींतली डावी उजवीवरून टाकायची, मग दोन्ही जोड्यांत उजवी डावीवरून, आणि टाचणी. एवढंच. पण माझे हात पडले चऱ्हाट वळणाऱ्याचे. प्रत्येक फेऱ्याला मी दोरा करकचून आवळायचो. तीन दिवसांनी वीतभर जे झालं ते म्हातारीनं उलटसुलट करून पाहिलं आणि नेऊन शेळीच्या गळ्यात बांधलं. हे ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली होतीस. दोरा ओढायचा नसतो, कांडीच्या वजनानं तो आपला आपण बसतो, एवढं समजायला मला पुढचा महिना लागला.

इथं आल्यावर सगळं नव्यानं जमवलं. लोडात भाताचं तूस भरलं. कारवीच्या कांड्या तू विळीवर तासून दिल्यास. टाचण्या कुठं मिळेनात, तेव्हा बोटांतून रक्त आलं तरी करवंदीचे काटे तूच वेचून आणलेस. मग ही लाज तुला कधीपासून वाटायला लागली? मला तर ती तुझी वाटतच नाही, नानासोंची वाटते. शिंपी चोळ्या शिवतो, कोष्टी लुगडी विणतो, त्यांना कोणी बांगड्या पाठवत नाही. छातीवर पदक असलेल्या शिपायानं दोरा हातात घेतला की मात्र घराण्याची अब्रू जाते. इतकी कच्ची अब्रू असेल तर ती खुशाल जाऊ दे.

बांगड्या मी चावडीवर सगळ्यांदेखत चढवून बघितल्या. अंगठ्यापाशीच अडल्या. नानासोंनी कासाराला माप तुझंच दिलेलं दिसतं, तेव्हा त्या तुझ्यासाठी फडक्यात गुंडाळून ठेवल्यात. खणाच्या दोन्ही काठांना लेस लावली आहे, तो सोबत पाठवतोय. नागमोडी वळण म्हातारीचं, मधलं करवंदीचं पान माझं. एके ठिकाणी चुकलंय, ते शोधत बसू नकोस.

अंजना, तुला वाचता येत नाही. हे पत्र नानासोच तुला मोठ्यानं वाचून दाखवताहेत, आणि म्हणूनच मी ते लिहिलं. ते हट्टी आहेत, पण लबाड नाहीत, एकही ओळ गाळणार नाहीत. नानासो, माझं अक्षर बघा. एवढं लिहायला मला चार दिवस लागले. आता पुढचं तिला नीट ऐकू जाईल असं वाचा. अंजना, वाळवंटात तोफांच्या माऱ्याखाली तीन दिवस पडून होतो, तेव्हापासून तुझ्या नवऱ्याचे हात कापतात. म्हातारीनं ते पहिल्या दिवशीच ओळखलं, लोड त्यासाठी पुढं ठेवला होता. फेटा तुझ्याकडून बांधून घेतो तो लाडानं नव्हे, मला बांधता येत नाही. तुझ्यापासून हे लपवलं, एवढी एकच लाजिरवाणी गोष्ट माझ्या हातून झाली. लोडापुढं बसलो की हात थांबतात, दुसऱ्या कशानंही थांबत नाहीत. येत्या सोमवारी मी सांगलीला येतोय. लोड काखेत घेऊन भर पेठेतून चालत येईन आणि तुमच्याच ओट्यावर विणत बसेन. कोणाला हसायचं ते हसो. फेटा बरोबर आणतोय, बांधायला बाहेर ये.

तुझाच,
सयाजी