वस्तीच्या बोर्डावरचं नाव

आबा, पत्र लिहायची मला सवय न्हाई, सातवीपातूरचं अक्षर हाय, तवा थोडक्यात सांगतो. आपल्या माळावरच्या वस्तीला आता बोर्ड लागणार. फाट्यावर, एसटी थांबते तिथं. हितं शहरात ऱ्हानाऱ्या आपल्या लोकांच्या मंडळानं ठरवलं, वस्तीचा इतिहास लिहायचा. तेरा घरांचा इतिहास! मी म्हटलं, आधी पाण्याची टाकी दुरुस्त करा. कोण ऐकतंय.

रविवारी खारघरला सेक्रेटरीच्या फ्लॅटवर बैठक झाली. सेक्रेटरी म्हंजे थोरल्या चुलत्याचा नातू, बँकेत हाय. त्यानं मोबाईलवरनं वाचलं, "शूर पूर्वजांनी तलवारीच्या जोरावर वसवलेली वस्ती." मी म्हटलं, "तलवार कुनाच्या घरात हाय दाखव. आपल्याकडं विळं होतं, गवत कापायचं." सगळी हसली. तो म्हणाला, "मग तुम्हीच सांगा ना काका. तुम्हीच मोठे."

मग सांगितलं. गाव ओढ्याच्या खाली, काळ्या रानात. वर नुसता माळ. मुरूम, कुसळं, आणि वारा असा की ताटातली भाकरी धुळीनं भरायची. आता पवनचक्क्या फिरत्यात, तवा झाड न्हवतं. अशा जागी कोण हौसेनं ऱ्हाईल? प्लेगात गाव रिकामं करून सगळी माळावर खोपटं घालून ऱ्हायली. साथ गेली, माणसं खाली परतली. तुमच्या आज्जीला मात्र गावानं आत घेतलं न्हाई. घरचीबी शिवत न्हवती ती मयतं तिनं धुतली होती, म्हणून. दोन पोरं घेऊन ती खोपटातच ऱ्हायली. गवताचं भारं विकलं, मुरमात हुलगं पेरलं. ही तेरा घरं तिच्या त्या दोन पोरांची.

हे तुमीच मला सांगितलंत. तुर्भ्याच्या खोलीत, स्टोव्हजवळ बसून लसूण सोलत. तुमी पयल्यांदाच हिकडं आला होता, आणि माझा पाय दारात. मार्केटात बटाट्याची गाडी लागलेली, हमालांच्या टोळीतली माणसं वाट बघत्यात. "आबा, आटपा लवकर." तुमी वर बघितलंत. "बस की जरा. बटाटं काय पळून जात्यात व्हय?" मी बसलो न्हाई. सांजच्याला आलो तर तुमी जेवून झोपलेलं. मीबी उठवलं न्हाई, तुमी वारेपातूर परत कधी विचारलंबी न्हाई.

बैठकीत धाकटा चुलतभाऊ तापला. "मयतं धुणारी बाई बोर्डावर? येणारी-जाणारी काय म्हणतील? आपल्या पोरी खपायच्या का?" मी म्हटलं, "तू तिचा पणतू न्हाईस व्हय? मग उठ, चहा ठेव खाली." त्याचीच सून सैपाकघरातनं बाहेर आली. "मामंजी, करोनात सासूबाईंना शेवटचं पाणी कोणी घातलं? पीपीई घातलेल्या परक्या पोरांनी. त्यांच्या तुम्ही पाया पडलात." तो मग चष्मा पुसत म्हणाला, "लिवा तर. पण नीट लिवा."

सेक्रेटरीनं तलवार खोडली. मला बरं वाटलं, आबा, इतकं बरं खूप दिवसांत वाटलं न्हवतं. तेवढ्यात त्यानं विचारलं, "काका, त्यांचं नाव काय?"

सगळी माझ्या तोंडाकडं. तुमी कायम "आज्जी" म्हणायचा. मघाशी ज्यांना खोटं लिहू नका म्हणून झापलं, तीच समोर बसलेली.

मी आईचं माहेरचं नाव सांगितलं, ते तिथं कुनालाच ठाऊक न्हवतं. एका दमात. त्यानं टाईप केलं, सुनबाई म्हणाली, "किती छान जुनं नाव आहे." आईनं त्या माळावर जन्मभर ओढ्याचं पाणी वाहिलं, तिचं नाव लागलं तर वाईट काय, असं मी घरी येईपातूर मनाला सांगत होतो. पण आई ती न्हवं.

बोर्ड अजून पेंटरकडं हाय. सेक्रेटरीचा नंबर माझ्याकडं हाय. चार दिवस झालं, फोन केला न्हाई. "म्हाईत न्हाई" म्हणायची लाज वाटती, आबा.