दारातला फ्रीज

७ नोव्हेंबर २०२२, सोमवार
नातीची, लेकाच्या धम्मशीलाची, अर्धी कोरी वही घेतली. मी चौथी पास. म्हाताऱ्याच्या गुडघ्याचं काम होईस्तोवर रोज लिहायचं ठरवलं. म्हणजे आठ दिवस.
जालन्याचा डॉक्टर म्हणे, हाडावर हाड घासून राह्यलं, गुडघा बदला लागते. आमच्या रेशनकार्डावर होत नाही म्हणे. सरकारचं पाच लाखाचं दवाखान्याचं कार्ड आणा, फुकट होते.
कार्डात काय अवघड आहे? जनम मजुरीत गेला. आमाले नाही देणार तं कोणाले?

९ नोव्हेंबर, दुपार
सुलतानपुरात कार्डाचा कॅम्प. रांगेत पुढे वामनराव. पंधरा एकर, दोन विहिरी. ट्रॅक्टरवर बसून आला. त्याचं कार्ड निघालं.
आमचा नंबर आला तं मशीनवालं पोरगं म्हणे, आजी, तुमचं नाव यादीत नाही. म्हणलं, म्हाताऱ्याचं नाव इंद्रभान आहे, नीट पाय. म्हणे, पाहिलं. यादी अकरा सालच्या सर्वेची आहे. तवा ज्याईच्या घरी काही नव्हतं, त्याईचीच नावं हायेत.
अन् वामनरावच्या घरी काही नव्हतं काय बे? पोरगं मशीनमध्येच पाहत बसलं.
आमच्या बौद्धवाड्यातली अर्धी घरं यादीबाहेर. वरच्या आळीतले ट्रॅक्टरवाले गरीब. काऊन, ते समजाले चौथीबी लागत नाही.

१० नोव्हेंबर
तहसीलले जाऊन एकेकाले उभं करणार होती. लोणारची बस चुकली. बसच लवकर आली.

११ नोव्हेंबर
गेली. बाबूले चांगलं सुनावलं. म्हणजे सुनावणारच होती, तेवढ्यात त्याची जेवणाची सुट्टी झाली. नंतर त्यानं कॉम्प्युटर फिरवला, धम्मशीलानं वाचला. आमच्या नावापुढे फ्रीज लिवला आहे. फ्रीजवालं घर कटते.
आमच्या घरात फ्रीज! साफ खोटं. कोणीतरी दुश्मनीनं लिवलं. वामनरावच असन.

१२ नोव्हेंबर
म्हाताऱ्याले संडासात बसता येत नाही. खुर्चीची बसकट कापून देली. खुर्चीवरून म्हणे, सुचिताची माय, आपल्या सुचिताले पाहाले पाहुणे आले होते तो दिवस आठवते काय?
नाही आठवत म्हणलं.

१३ नोव्हेंबर
आठवलं. पण त्यात माही चूक नाही. लिहून ठेवते, म्हणजे पुढे भानगड नको.
अकरा सालीच, पाहुणे येणार म्हणून शेजारच्या जनकाबाईचा फ्रीज दोन दिवस आणला होता. वाड्यात सगळेच आणत. खुर्च्या एकाच्या, कूलर एकाचा. पाहुणे चहा पिऊन राह्यले अन् सर्वेवाला दारात. वामनरावच्या ओसरीवर जेवून आला होता. वामनरावनं गोठा दाखवून हेच घर म्हणून लिवून घेतलं. आमच्या दारात मात्र नाकाले रुमाल. पाणी देलं तं नको म्हणे. बाहेरूनच वरडला, तुमच्याकडे काहीच नसन ना? सगळ्यापुढे ‘नाही’ लिहू?
पाहुण्याईच्या समोर!
म्हणलं, काऊन नाही? फ्रीज आहे, दिसत नाही काय?
फ्रीज घरात उभा होता. कोणाचा, ते त्यानं विचारलं नाही. मी खोटं बोलली नाही. सुचिताचं जमलं.

१७ नोव्हेंबर
निरोप आला. यादीत सुटलेल्याईचा फेरसर्वे, रविवारी सकाळी, घरोघर. झालं काम! सगळ्याले नाही म्हणायचं. टीव्ही जनकाबाईकडे. म्हाताऱ्याले खाटेवर कण्हायची प्रॅक्टिस देली. त्याले जमत नाही. खरं दुखते तवा तोंड दाबते, आता खोटं कसं जमन?

१९ नोव्हेंबर
धम्मशीलाले पाहाले उंद्रीचे पाहुणे येतात. रविवारीच. काही अडचण नाही. सर्वे सकाळी, पाहुणे दुपारी. टीव्ही सकाळी जाईन, दुपारी येईन. जनकाबाई म्हणे, बनाबाई, माहं घर काय गोडाऊन आहे? पण फ्रीजबी नेजो म्हणे. रात्रीच आणून ठेवला. सकाळी त्याच्यावर चादर टाकीन.

२० नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
पाहुणे दहाले आले. सर्वेवाला साडेदहाले. चादर खुर्च्याईवर अंथरली होती.
पोरगा भला होता. पाणी मागून प्याला. मग फॉर्म काढून मोठ्यानं म्हणे, आजी, तुमच्याकडे काहीच नाही ना? अन् बाबा खाटेवरच असतात ना?
पाच पाहुण्याईच्या हातातले कप थांबले. धम्मशीला पडद्यामागं.
म्हणलं, काऊन नाही? फ्रीज लिही. अन् खाटेवर कोणीच नसते. आमचं म्हातारं अजून वावरात जाते.
म्हाताऱ्यानं माह्याकडे पाहिलं. काठी खाटेखाली सरकवली. उठला. दारापर्यंत बिनकाठीचा गेला, फॉर्मवर सही केली, वापस आला. सात पावलं जायची, सात यायची. तोंडावर हसू.
पाहुण्याईले पोरगी पसंत आहे.
गुडघा टरबुजावानी सुजला. मी विटेचा शेक घेऊन गेली तं म्हणे, राहू दे. फ्रीज उद्या जाईन ना? तोवर बर्फ तं दे.
देला.