दान घेणारी

मिरज
१२ नोव्हेंबर २०२४

गं. भा. सुरेखा हीस हेमलताचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक. कानाचे यंत्र पुन्हा शिट्टी मारू लागले, म्हणून काढून कपाटात ठेवले. फोनवर चिराग ओरडतो, मी भलतेच ऐकते आणि दोघेही चिडतो. तेव्हा पत्रच बरे.

काल तुझा चिराग येऊन गेला. पुण्याची नोकरी मानवलेली दिसते, पोट सुटले आहे. तो म्हणाला की आईने बाबांची लाल माझदा डोनर म्हणून काढली आहे. ऐकून बरे वाटले. गुरू गेल्यापासून तू काही बोलत नाहीस, पण मनात आणलेस ते योग्य आणलेस. माझ्या भावाच्या वर्षश्राद्धाच्या आत दान व्हावे. मात्र पात्र पाहून दे. घेणारा जपणारा असावा. मी दसऱ्याला तिकडे आले होते तेव्हा त्या गाडीची पूजा माझ्या हातची आहे. बॉनेटवरचे कुंकवाचे स्वस्तिक गुरूने कितीतरी दिवस पुसू दिले नव्हते.

घेणाऱ्याचे नाव कळव. तुझी खोली रंगवून घेतली आहे. आता तिकडे तुझे काय राहिले?

लोभ आहे, तो वाढवत राहा.

हेमलता


हमद टाउन, बहरीन
२ डिसेंबर २०२४

ती. वन्सं यांस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आतिकाला वाचून दाखवलं. ती माझ्या ऑफिसातली, मूळची म्हसळ्याची. तुम्ही आला होता तेव्हा तिच्या घरी सांदण खाल्लं होतं आपण. ती हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली.

वन्सं, मी गाडी कोणाला दान करत नाहीये. इंग्लंडहून एका मोठ्या पेटीत मोटारीचा सांगाडा आणि पत्रे येतात. शर्यतीच्या गाडीसारखी हलकी गाडी, घरी जोडायची. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग एका जुन्या गाडीतून काढून तिच्यात बसवायचं. त्या जुन्या गाडीला डोनर म्हणतात. म्हणजे दान करणारी गाडीच आहे. घेणारी मी.

चिराग तुम्हाला सांगेल की बाबांची इच्छा होती. तसं नाही. त्यांना हे खूळ वाटायचं. मला मात्र कॉलेजपासून एक गाडी स्वतः जोडायची होती. मेकॅनिकलची पदवी घेतली आणि पुढची सगळी नोकरी एसीच्या डक्टची ड्रॉइंग्ज तपासण्यात गेली. ही गाडी त्यांची आठवण म्हणून नाही. मला हवी म्हणून.

आणखी एक. आत तुम्ही गं. भा. लिहिलंत आणि पाकिटावर इंग्रजीत जी. बी. सुरेखा. पोस्टातला माणूस माझं ओळखपत्र बघून म्हणाला, ही बाई तुम्ही नाही. त्याचं बरोबर होतं. पुन्हा तसं लिहू नका.

खोलीबद्दल आभार. नोकरी माझी आहे, व्हिसा माझा आहे. मी इथेच राहणार.

राग आला तर येऊ द्या, त्याच्यासोबत लोभही असू द्या.

तुमची
सुरेखा


मिरज
२१ डिसेंबर २०२४

सुरेखास,

चिरागकडून फोटो पाहिला. त्या गाडीला छप्पर नाही, दारे नाहीत. पाटाला चार चाके लावल्यासारखी दिसते. तुझे वय त्रेपन्न. त्यात बसणार कशी आणि बसलीस तर उठणार कशी?

गुरू त्या माझदावर कोणाचे बोट उमटू देत नसे. ती तू करवतीने कापणार. मला भावाचे म्हणून हात लावायला दुसरे काही उरलेले नाही. पूजलेली वस्तू मोडत नाहीत, हे तुझ्या आईने शिकवले नसेल तर मी सांगते. मोडलीस तर मला पत्र लिहू नकोस.

गं. भा.चे म्हणशील तर ते मला तिशीतच लागले. माझे काही अडले नाही.

थंडी पडली आहे. छातीला तेल चोळत जा.

हेमलता


हमद टाउन
२९ मार्च २०२५

ती. वन्सं यांस, सा. न. वि. वि.

लिहू नको म्हणालात, तरी लिहिते.

गाडी मोडली. तशीच मोडली नाही. उत्तरपूजा केली. बॉनेटवर अक्षता टाकल्या आणि गाडी वीतभर ढकलली. मूर्ती जागची हलवल्याशिवाय विसर्जन करायचं नाही, हे लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत तुम्हीच मला शिकवलं होतंत. ढकलायला आतिका होती. म्हणाली, वा, ढकलायचं मी आणि पुण्य तुला.

बॉनेट नव्या गाडीला लागत नाही. ते भंगारात दिलं नाही. बैठकीत भिंतीला टेकवून ठेवलं आहे. तुम्हाला हात लावायला.

सगळं जोडल्यावर किल्ली फिरवली तर नुसती टक्. आतिका इथल्या अरबीत म्हणाली, मफी, म्हणजे काही नाही. इंजिन मफी, पैसे मफी, यल्ला, चहा पिऊ. पुढचे दोन शुक्रवार मी वायरी तपासत होते. चूक साधी होती. सांगाड्यावर सुंदर काळा रंग आणि अर्थिंगची तार मी त्या रंगावरच आवळली होती. रंगातून वीज जात नाही. नारळ खवायच्या विळीच्या टोकाने तेवढा रंग खरवडला, लोखंड उघडं केलं. इंजिन सुरू झालं. धूर डाव्या कुशीतून निघतो आणि आवाज असा की आतिका म्हणाली, तुझ्या नणंदेला हा यंत्राशिवाय ऐकू येईल.

रस्त्यावरची परवानगी मिळेल तेव्हा मिळेल. ट्रेलरवर घालून सखीरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर नेली. डांबर बुडापासून वीतभरावर. हेल्मेटच्या काचेवर वाळू तडतडत होती. एका वळणावर मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. उठताना मात्र आतिकाने ओढून काढलं, ते तुमचं खरं.

तुमचं काही अडलं नाही म्हणता. वन्सं, तुम्ही शाळेत शिकवायला सायकलवर जात होता. ती सायकल तुम्हाला न विचारता विकली गेली, हे तुम्हीच मला एकदा सांगितलं होतंत.

उत्तर नाही आलं तरी पुढचं पत्र येईल. लोभ मी सोडणार नाही.

सुरेखा


मिरज
१९ एप्रिल २०२५

चि. सुरेखा हीस अनेक आशीर्वाद.

पाकिटावर सवयीने जी. बी. लिहिले गेले. खोडले. खाडाखोड वाईट दिसते, म्हणून दुसरे पाकीट घेतले.

सायकल हिरवी होती. तुझे पत्र येईपर्यंत रंग आठवत नव्हता. दिरांनी विकली आणि वर म्हणाले, आता तुला कुठे जायचे आहे? मी तेव्हाच बोलायला हवे होते.

उत्तरपूजेत तुझी चूक झाली. निघताना हातावर दही घालायचे असते, शिदोरी द्यायची असते. ती दिल्याचे लिहिले नाहीस. बॉनेट आहेच, राहिलेले मी तिथे करीन. बाकी दानाला पात्र बरे निवडलेस. आणि नारळाची विळी लोखंडाला लावलीस, तिची धार गेली असेल. नवी आणते.

चिरागने मला विमानाने एकटी जाऊ नकोस म्हणून सांगितले. मी ऐकले नाही. बहिरेपणाचा एवढा तरी उपयोग.

फोटोत सीटा दोन दिसतात. पासपोर्ट नवा करायला टाकला आहे. आतिकाला सांग, यंत्र कपाटात ठेवूनच येते आहे. लोभ असावा असे आता लिहीत नाही, समोरासमोर बघू.

हेमलता